अन्नअसुरक्षितता : धान्य आणि आहार यांतील अंतर

प्रास्ताविक

‘उपासमार’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. ‘अन्नअसुरक्षितता’ ही त्याहून व्यापक संकल्पना आहे. सर्व लोकांना सर्व काळी पुरेसे, सुरक्षित व पोषक अन्न मिळू शकते आणि परवडते, तेव्हाच अन्नसुरक्षा असते, असे १९९६ च्या रोम येथील जागतिक अन्न परिषदेने मानले. म्हणजेच दोन्ही वेळा चूल पेटणारे घरही अन्नअसुरक्षित असू शकते. हे कसे, ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या आधारे पाहू.

१९७२ चा धडा

बाजारात धान्य असणे आणि ते घेण्याची ऐपत असणे या भिन्न गोष्टी आहेत. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात हाच मुद्दा मांडला. १९७२-७३ मध्ये नगरसह राज्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पिके बुडाली, तेव्हा शेतमजुराचे धान्य आणि मजुरी एकदमच गेली. शासनाने खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव अशी कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. हाती मजुरी आल्यामुळे लोकांना धान्य विकत घेता आले व मोठी जीवितहानी टळली. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीला कायद्याचे रूप मिळाले.

शिधापत्रिकेचा हिशेब

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. दरमहा ५ किलो म्हणजे रोज सुमारे १६७ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० उष्मांकांच्या आहारासाठी रोज २५० ग्रॅम तृणधान्ये आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचविली आहेत. तेव्हा तृणधान्याची दोन-तृतीयांश गरज भागते. डाळ मात्र या हक्कात नाही. पाच माणसांच्या घराला महिन्याकाठी पावणेतेरा किलो डाळी-कडधान्ये स्वतःच मिळवावी लागतात. पैसा अपुरा पडला की भाकऱ्या तेवढ्याच राहतात, कालवण मात्र पातळ होते. ही तूट डोळ्यांना दिसत नाही. आणि घरातील स्त्री सर्वांत शेवटी जेवत असेल, तर तिचा मोठा भार तिच्याच ताटावर पडतो.

कमी खर्चातील पर्याय

बाजरीच्या भाकरीसोबत मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे किंवा पिठले घेतल्यास तृणधान्य व कडधान्य यांतील प्रथिने परस्परांची उणीव भरून काढतात. मटकीला मोड आणल्यास तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्व वाढते. पावसाळ्यात बांधावर उगवणारी घोळ व तांदुळजा यांना दाम पडत नाही. जेवणात लिंबू घेतल्यास पालेभाजीतील लोह अधिक शोषले जाते. जेवणासोबतचा चहा मात्र ते शोषण घटवितो.

तरीही काटकसर हा हक्काचा पर्याय नव्हे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांना शिधापत्रिकेचे धान्य मुक्कामाजवळच्या रास्त भाव दुकानातूनही घेता येते. ही सोय ठाऊक नसेल, तर कोपीवर पीठ विकत घ्यावे लागते आणि डाळीचा पैसा त्यातच संपतो. शिजविण्याचे कौशल्य, हाताला काम आणि हक्काची माहिती या तिन्हींतून अन्नसुरक्षा साकारते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. आपल्या कुटुंबास दरमहा किती डाळी-कडधान्ये लागतात आणि प्रत्यक्षात किती येतात, याचा हिशेब मांडा.

२. ‘धान्य मिळाले म्हणजे अन्नसुरक्षा मिळाली’ या विधानाची चर्चा करा.