मल्लखांब : न दमणारा जोडीदार

कुस्तीच्या सरावाला जोडीदार लागतो. तो दमतो, आजारी पडतो, कधी दया येऊन हात सैल सोडतो. लाकडाच्या खांबाचं तसं नाही. पहाटे या, संध्याकाळी या, शंभरदा पकडा. तो तितकाच ताठ उभा. पकड चुकली तर तो सांभाळून घेत नाही आणि बरोबर बसली तर अडवतही नाही. पैलवानाच्या सरावासाठी पुरलेल्या या खांबावर महाराष्ट्राने एक स्वतंत्र विद्या उभी केली. तिचा पाया ताकदीत नाही, पकड कुठे धरायची आणि कधी सोडायची या जाणिवेत आहे.

खांब सागाचा किंवा शिसवीचा. जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच, बुंध्याशी जाड आणि वर निमुळता होत जाणारा. वरच्या टोकाशी बारीक मान आणि मानेवर बोंड. या आकारामागे कुस्तीचा हिशोब आहे. खालचा जाड भाग मांड्यांच्या कवेत येतो, मधला बगलेत, वरचा मुठीत; समोरच्या मल्लाचं अंग जसं वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं हाताला लागतं, तसंच. खांबाला एरंडेल चोळतात. त्याने कातडी सोलवटत नाही, पण निव्वळ हिसका देऊन वर चढण्याची सोयही राहत नाही. तेल लावलेल्या खांबावर टिकायचं तर पकड नेमक्या जागी बसावी लागते.

शिकवणी सुरू होते अढीपासून. हाताने खांब धरून पाय वर उचलायचे, मांड्यांनी खांब आवळायचा आणि डोकं खाली ठेवून स्थिर व्हायचं. नवखा मुलगा इथे सगळं अंग आवळून धरतो, श्वास रोखतो आणि घसरतो. चांगले गुरुजी त्याला जोर लावायला सांगत नाहीत. कुठला स्नायू कामाचा आणि कुठला उगाच ताणलेला, हे ते त्याला ओळखायला लावतात. मग येतात तेढी, बगली, दसरंग, फिरकी. हातांच्या कड्यातून अंग ओवून काढणारा सुईदोरा, खांबावर अंग आडवं तोलणारे फरारे आणि बोंडावर साधलेले ताजवे. प्रत्येक उडीत एक क्षण असा येतो की जुनी पकड सुटलेली असते आणि नवी अजून बसलेली नसते. त्या क्षणी न घाबरणं हीच या विद्येतली खरी कमाई.

‘मानसोल्लास’ या 12व्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख सापडतो. आजच्या परंपरेचे आद्यगुरू मात्र बाळंभटदादा देवधर. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात अली आणि गुलाब या निजामाच्या मुलखातल्या मल्लांनी पुण्याला आव्हान दिलं. बाळंभटांनी मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगी गडावर साधना केली. तिथे मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखवले, अशी आख्यायिका आहे. परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं. 1818मध्ये पेशवाई गेली आणि बाजीराव बिठूरला गेले, तशी ही विद्याही गंगेकाठी पोचली. राणी लक्ष्मीबाई, नानासाहेब आणि तात्या टोपे मल्लखांब शिकले होते, असं परंपरा सांगते. राज्य बुडालं, पण शिष्य टिकले म्हणून विद्या टिकली.

निव्वळ ताकदीवर न विसंबता समोरच्याशी भिडायचं कसं, या प्रश्नाला चीनने वेगळं उत्तर दिलं. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात, 17व्या शतकातल्या चेन वांगटिंग यांच्याशी, ताईची या युद्धकलेचा उगम जोडला जातो. 2020मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. जोराला जोराने भिडू नये, समोरच्याचा जोर अंगावर ओळखून वळवावा, श्वास आणि मन शांत असावं, ही तिची तत्त्वं. चिनी अंतर्मुख युद्धकलांमध्ये गुडघे किंचित वाकवून, हात समोर गोलाकार धरून बराच वेळ स्तब्ध उभं राहण्याचा सराव असतो. तिथे माणूस स्वतः खांब होतो, इथे तो खांबावर चढतो. अनावश्यक ताण ओळखून सोडून देणं हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

बडोद्याचं जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथले प्रो. माणिकराव, 1914मध्ये वैद्य बंधूंनी स्थापलेलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, 1925मध्ये काळे गुरुजींनी सुरू केलेलं दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर. असे हात या विद्येला मिळत गेले. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने जगाला भारतीय खेळ दाखवले. समर्थचे उदय देशपांडे यांनी अंध मुलांना दोरीचा मल्लखांब शिकवला. त्यात दोरीला गाठ मारत नाहीत. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरून अंग तोलायचं असतं. डोळ्यांपेक्षा स्पर्शावर चालणारी ही विद्या त्या मुलांनी सिद्ध करून दाखवली. 2019मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. 2024मध्ये देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. हिमानी परब आणि सागर ओव्हाळकर यांच्या रूपाने अर्जुन पुरस्कारही मल्लखांबाकडे आला. छत्तीसगडच्या अबुझमाडमधली आदिवासी मुलं आज या खेळात देशभर नाव काढत आहेत.

अबुझमाडचं उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिका नदीच्या एका तीरावरच्या रोह्याने आणि दुसऱ्या तीरावरच्या अष्टमीने नीट पाहावं. अबुझमाडमध्ये मोठ्या शहराच्या सोयी नव्हत्या. मल्लखांबाला लागतो एक खांब, थोडं एरंडेल, मऊ माती आणि रोज ठरल्या वेळी येणारा जाणता शिक्षक. पहिल्या तीन गोष्टी कोणतीही ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद उभ्या करू शकते. चौथी घडवायला वर्षं लागतात. म्हणून पदकांवर खर्च करण्याआधी शिक्षकांवर खर्च व्हायला हवा. त्यांना मानधन हवं, प्रशिक्षण हवं आणि शाळेच्या वेळापत्रकात हक्काचा तास हवा. बाळंभटदादांनी एका मल्लाला हरवलं याहून मोठी गोष्ट ही की त्यांनी शिष्य तयार केले. दोनशे वर्षांनंतरही मल्लखांब जिवंत आहे तो त्यामुळेच.