करपलेला बीकर साफ करताना ॲसिडची बाटली का उघडू नये?

कोल्हापूर जिल्ह्यातलं कबनूर हे गाव इचलकरंजीला अगदी लागून आहे. या पट्ट्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, कापड रंगवणारे उद्योग आहेत आणि शाळा-कॉलेजंही आहेत. या सगळ्या ठिकाणी प्रयोगशाळा असते आणि प्रत्येक प्रयोगशाळेत कधी ना कधी एखादी परीक्षानळी किंवा बीकर आतून काळाकुट्ट होतो. साबणाने हा थर निघत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "थोडं ॲसिड टाकून बघा." डोळ्यांना आणि हातांना होणाऱ्या इजांची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

करपलेली काच सुरक्षितपणे कशी साफ करायची आणि कोणते उपाय चुकूनही करायचे नाहीत, ते समजून घेऊ.

काळा थर नेमका कशाचा असतो?

साखरेचं उदाहरण घ्या. परीक्षानळीत साखर तापवली की ती आधी वितळते, मग तपकिरी होते आणि शेवटी काळी पडते. साखरेच्या रेणूतलं पाणी निघून जातं आणि मागे कार्बन, म्हणजेच कोळसा उरतो. गुऱ्हाळात काहिलीच्या तळाला रस लागला की हेच होतं.

कार्बन पाण्यात विरघळत नाही. साबण तेलकटपणा काढतो, पण कोळशावर त्याचा काही परिणाम होत नाही. सौम्य ॲसिडही त्याला हलवू शकत नाही. म्हणून थर विरघळवण्याच्या मागे न लागता काचेवरची त्याची पकड सैल करायची, हा खरा मार्ग आहे.

पण प्रत्येक डाग करपल्याचा नसतो, हे आधी पाहायला हवं. बारावीच्या प्रात्यक्षिकात पोटॅशियम परमँगनेट वापरलं की काचेवर तपकिरी डाग राहतो. तो मँगनीज डायऑक्साइडचा असतो आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतो. साखरेच्या चाचणीत उरणारा तांबूस थर कॉपर ऑक्साइडचा असतो. तो सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने जातो. भांड्यात आधी काय होतं हे माहीत नसेल, तर त्यात दुसरं कोणतंही रसायन घालू नये.

मग साफ कसं करायचं?

सौम्य उपायापासून सुरुवात करायची आणि गरज पडली तरच पुढे जायचं. त्याआधी चष्म्यासारखा सेफ्टी गॉगल आणि हातमोजे घालायचे.

१. भांडं पूर्ण थंड होऊ द्या. गरम काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, तरी तिलाही मर्यादा आहे.

२. कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण घालून रात्रभर भिजत ठेवा. साखर किंवा मळी पूर्ण जळलेली नसेल, तर बराचसा थर इथेच सुटतो.

३. उरलेल्या थरासाठी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून काही तास ठेवा. तो चिकट, डांबरासारखा भाग सैल करतो आणि कोळशाचे पापुद्रे सुटू लागतात.

४. तरीही थर राहिला तर कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट घाला. त्यातून निघणारे बुडबुडे थर उचलतात. या वेळी भांड्याला बूच लावायचं नाही, कारण आत वायू साठून ते फुटू शकतं.

५. शेवटी नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेची घासणी किंवा वाळू वापरू नका. त्याने पडलेले बारीक ओरखडे दिसत नाहीत, पण पुढच्या वेळी तापवताना काच तिथूनच फुटते.

कारखान्याची प्रयोगशाळा काय करते?

साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत साखर मुद्दाम जाळलीही जाते. साखरेतल्या क्षारांचं प्रमाण मोजण्यासाठी नमुना आधी काळा करतात आणि मग भट्टीत सुमारे ५५० अंश सेल्सिअसला ठेवतात. तिथे कार्बन हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळून जातो आणि फक्त राख उरते. पण हे काम काचेत होत नाही. त्यासाठी उष्णता सोसणारी मूस किंवा बशी असते. बोरोसिलिकेट काच ५०० अंशांच्या पुढे नेली तर तिच्यात ताण निर्माण होतो, पुढे ती वाकते. ब्युरेट, पिपेट आणि मापाचे चंबू तर भट्टीत ठेवूच नयेत, त्यांचं माप बिघडतं.

कोणते उपाय टाळायचे?

क्रोमिक ॲसिड: पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिडचं हे मिश्रण जुन्या प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरलं जायचं. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग निर्माण करतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण आहे.

तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड: हे मिश्रण स्वतःच प्रचंड तापतं. सेंद्रिय पदार्थ जास्त असेल तर स्फोट होऊ शकतो, आणि करपलेला थर हा सेंद्रिय पदार्थच असतो.

टीसीएल आणि ॲसिड: ग्रामपंचायत पाण्यासाठी वापरते ती टीसीएल पावडर किंवा घरातलं ब्लीच ॲसिडमध्ये मिसळलं की विषारी क्लोरीन वायू निघतो. टॉयलेट क्लीनरमध्येही अनेकदा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं.

ॲसिटोन आणि पेरॉक्साइड: ॲसिटोन डांबरी थर काढतं, पण लगेच पेट घेतं. ऑक्सिजन ब्लीचशी त्याचा संपर्क आला तर स्फोटक संयुगं तयार होऊ शकतात. एका भांड्यावर हे दोन्ही उपाय करू नयेत.

अंगावर उडालं तर?

त्या जागेवर लगेच वाहतं पाणी सोडा आणि किमान १५ ते २० मिनिटं धूत राहा. रसायन डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून धुवा आणि डॉक्टरांकडे जा. ॲसिडवर सोडा टाकून ते 'मारायचा' प्रयत्न त्वचेवर किंवा डोळ्यात करू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

उरलेलं पाणी कुठे टाकायचं?

साबण आणि सोड्याचं पाणी भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडता येतं. क्रोमियम किंवा शिसं असलेलं पाणी मात्र नाही. उसाच्या रसाच्या तपासणीत शिशाचे क्षार अनेक वर्षं वापरले गेले आहेत, त्यामुळे हा मुद्दा साखरपट्ट्यात महत्त्वाचा आहे. असं पाणी वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात साठवून घातक कचरा म्हणूनच द्यायचं. कबनूर-इचलकरंजी परिसराच्या गटारातून गेलेलं पाणी शेवटी पंचगंगेकडेच जातं.

एवढं करूनही थर निघाला नाही, किंवा काचेला तडा वा ओरखडा दिसला, तर भांडं टाकून द्यावं. फुटकी काच कचऱ्याच्या पिशवीत न टाकता जाड खोक्यात, वर चिठ्ठी लावून ठेवावी. नवी परीक्षानळी काही रुपयांत मिळते. तेवढ्यासाठी प्रयोगशाळेतल्या मदतनीसाने किंवा विद्यार्थ्याने आपला डोळा पणाला लावण्याची गरज नाही.