1248 सीसी: एक इंजिन, चार नावं आणि जुन्या सेडानचा खर्च

जुनी डिझेल सेडान बघायला गेलात तर आधी आरसी बुक मागा आणि इंजिनाच्या क्षमतेचा रकाना बघा. तिथे 1248 हा आकडा असेल, तर बॉनेटवरचं नाव मारुतीचं असो, टाटाचं, फियाटचं की शेवरोलेचं, आतलं इंजिन एकाच घराण्यातलं आहे. स्विफ्ट डिझायर, सियाझ, इंडिगो मांझा, लिनिया, सेल या सगळ्या गाड्यांच्या डिझेल मॉडेलमध्ये हेच यंत्र धडधडतं. परळी तालुक्यातल्या धर्मापुरीसारख्या गावात एमएच-44 च्या जोडीने एमएच-12 पाटीची, पुण्यात वापरून झालेली सेडान उभी असली, तर तिच्यातही ते असण्याची शक्यता बरीच. मालकाला बहुधा त्याचा पत्ता नसतो, मेस्त्रीला मात्र पुरता असतो.

या इंजिनाचा जन्म इटलीच्या फियाटकडचा. डिझेलला एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठवायचं आणि इंजेक्टरमधून विजेच्या इशाऱ्यावर फवारायचं, ही कॉमन रेलची पद्धत मोटारगाड्यांसाठी फियाटनेच आकाराला आणली. तिचे हक्क पुढे बॉश कंपनीकडे गेले. 1997 साली अल्फा रोमिओ 156 या गाडीतून ती रस्त्यावर आली. 2003 मध्ये फियाट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून 1.3 लिटरचं छोटं मल्टिजेट काढलं. एका स्फोटासाठी डिझेल एकदम न फवारता अनेक हप्त्यांत फवारायचं, म्हणून ते मल्टिजेट. 2005 साली त्याला आपल्या गटात ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला.

भारतात ते मारुतीसाठी हरियाणातल्या मानेसरला बनू लागलं आणि इकडे महाराष्ट्रात फियाट-टाटांच्या रांजणगावच्या कारखान्यात. बीडहून नगरमार्गे पुण्याला जाताना महागणपतीला हात जोडले जातात, तेच हे रांजणगाव. 2009 च्या जानेवारीत बाजारात आलेली लिनिया आणि त्याच वर्षीची इंडिगो मांझा, दोन्ही तिथल्याच. मारुतीने 2020 च्या एप्रिलपासून, म्हणजे बीएस-6 चे नियम आल्यावर, डिझेल गाड्या बंद केल्या आणि या इंजिनाचा इथला प्रवास थांबला.

दुरुस्तीच्या खर्चाचं कोडं या घराणेशाहीतच सुटतं. डिझायर आणि स्विफ्ट गावोगाव असल्यामुळे इंजिनाचं बरंच सामान लातूर-अंबाजोगाईच्या स्पेअरच्या दुकानात मिळतं, आणि ते काम केलेले हातही मिळतात. पण लिनियाचा हेडलाइट, दरवाजाची काच किंवा पुढचा लोअर आर्म डिझायरचा बसत नाही. फियाटच्या गाड्या बंद झाल्या, शेवरोलेने 2017 च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. त्यामुळे अशा गाडीचं इंजिन परवडतं आणि बंपर रडवतो. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल येईपर्यंत गाडी गॅरेजच्या दारात उभी.

आता खुद्द इंजिनाकडे. त्यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ‘चेन आहे, म्हणजे आयुष्यभर बघायला नको’ असं विकणारे सांगतात, ते अर्धसत्य आहे. ही चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो आणि या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन लिटरच्या आसपास. त्यातलं लिटरभर जळालं किंवा गळालं, किंवा बदल लांबणीवर टाकून ते काळंकुट्ट झालं, की टेन्शनर ढिला पडतो. सकाळी थंड गाडीला सेल्फ मारला की पहिले काही सेकंद बॉनेटखालून साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो. तेव्हाच चेन सेट बदलला तर बाहेरच्या गॅरेजात काम काही हजारांत आटोपतं. दुर्लक्ष होऊन चेनने दात सोडला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, हेड खोलावं लागतं आणि तेच बिल कितीतरी पटींनी फुगतं.

काळा धूर आणि मेलेला पिकअप ही दुसरी नेहमीची तक्रार. दोष पुष्कळदा ईजीआर व्हॉल्व्हचा असतो. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात वळवणारी ही झडप काजळीने जाम होते. साफ करायची मजुरी फार नाही. तसाच धूर टर्बोचा रबरी पाइप फाटल्यावरही येतो, सोबत शिट्टीसारखा आवाज. पाइप न तपासता थेट ‘टर्बो गेला’ म्हणणाऱ्या मेस्त्रीपासून चार हात लांब राहावं, कारण टर्बोचं बिल पाच आकडी.

इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा एक वॉशर असतो. तो गळू लागला की चफ-चफ आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर साचतो. वॉशर किरकोळ किमतीचा. पण थर वाढला की इंजेक्टर जागेवरच अडकतो, काढताना मोडतो, आणि एकेका नव्या इंजेक्टरचे पैसे ऐकून माणूस खाली बसतो.

मराठवाड्यात आणखी एक दुखणं आपण स्वतः ओढवून घेतो: कूलंटच्या जागी बोअरचं पाणी. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजतात, मे महिन्यात गाडी गरम होते, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. खड्ड्यांनी जाणारे बुश, लिंक रॉड आणि शॉकअप हा तर नेमाचाच खर्च, त्याला इंजिनाचा दोष नाही.

कागदांचा खर्चही धरा. 15 वर्षं झालेल्या खासगी गाडीच्या पुन्हा पासिंगचं शुल्क 5,000 रुपये आहे, 20 वर्षांपुढे 10,000. सुरुवातीच्या लिनिया 2024 मध्येच 15 वर्षांच्या रेषेपलीकडे गेल्या. दिलासा एवढाच, की 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे.

गावात राहून रोज वापरायची असेल तर माझं मत डिझायरच्या बाजूने. लिनिया रस्त्यावर अधिक भारदस्त चालते, पण पुण्यात सामान शोधून पाठवणारा माणूस असेल तरच ती घ्यावी. कोणतीही घ्या, बघायला भल्या सकाळी न सांगता जा, आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री केल्यावरच सेल्फ मारायला सांगा. विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवली असेल, तर सौदा दुसऱ्या दिवसावर टाका.