आधी आरोग्य की आधी नोकरी?

अमेरिकेत रणभूमीवरून परतलेल्या आणि मनोविकाराने ग्रासलेल्या सैनिकाविषयी जे समज समाजात, मालकवर्गात आणि पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या घरातही रूढ आहेत, त्यांतला सर्वांत घातक समज ‘आधी बरा हो, मग नोकरीचे पाहू’ हा होय. घातक अशासाठी की, तो दयाबुद्धीतून निघालेला असल्याने त्याला विरोध करणे कोणालाही जड जाते. याच समजापोटी रुग्णाला इस्पितळाच्या आश्रयाखालील तात्पुरत्या कामावर ठेवून त्याची पात्रता अजमावीत राहण्याची वहिवाट पडली. १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यू हॅम्पशायर संस्थानात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रमच उलटा केला : ज्याला नोकरी हवी आहे त्याला, दुखण्याची सबब न सांगता, त्याच्या पसंतीची, खुल्या बाजारातली, रीतसर पगाराची नोकरी मिळवून द्यायची, आणि तो रुजू झाल्यानंतरही रोजगार-सहायकाने उपचार करणाऱ्या मंडळींच्या विचाराने, मुदतीची अट न घालता त्याच्या पाठीशी राहायचे.

माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने आपल्या बारा वैद्यकीय केंद्रांत आघातोत्तर तणावविकार, म्हणजे पीटीएसडी, जडलेल्या ५४१ बेकार माजी सैनिकांच्या बाबतीत या पद्धतीची कसोटी घेतली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अठरा महिन्यांपैकी निदान निम्मा काळ खुल्या नोकरीत टिकलेले सैनिक नव्या पद्धतीत ३८.७ टक्के, तर आधी तात्पुरते काम देण्याच्या पद्धतीत २३.३ टक्के निघाले. हा फरक मोठा आहे. परंतु नव्या पद्धतीतही बहुसंख्यांना तो टप्पा गाठता आला नाही, हे दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नोकरी हे रामबाण औषध आहे, हा दुसऱ्या टोकाचा समज म्हणूनच तितकाच निराधार ठरतो. पगार सुरू झाला म्हणून दुःस्वप्ने थांबत नाहीत. उपचार चालूच ठेवावे लागतात, आणि अवचित आवाजाने ज्याचे काळीज हादरते त्याला धडधडत्या कारखान्यात नेमणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

नोकरी धरताच सरकारी भरपाई बुडते, ही धास्तीही अनेकांना घरी बसवते. वस्तुतः सेवेतून उद्भवलेल्या अपंगत्वाची मासिक भरपाई सामान्यतः कमाईवर अवलंबून नसते. नोकरी करण्यास असमर्थ म्हणून ज्यांना पूर्ण दराने भरपाई मिळते, त्यांचा तेवढा अपवाद. पण त्यांचीही भरपाई, नोकरी सलग बारा महिने टिकल्याखेरीज केवळ ती लागली या कारणावरून कमी करता येत नाही. सामाजिक सुरक्षेच्या भत्त्यांचे नियम निराळे असल्याने अर्ज करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा हे बरे.

राहता राहिली मालकाची भीती. असा मनुष्य हिंसक असणारच, हे गृहीतच चुकीचे आहे. या विकाराचे बहुसंख्य रुग्ण कोणाच्या वाटेला जात नाहीत. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यान्वये, पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला नेमणूक देऊ करण्यापूर्वी उमेदवाराच्या विकाराची चौकशी करता येत नाही. आणि उमेदवाराने मागितल्यास दाराकडे पाठ न होणारी बैठक, लेखी सूचना, उपचाराच्या दिवशी रजा अशा वाजवी सोयी, धंद्यावर अवाजवी भार पडत नसेल तर, त्याला द्याव्या लागतात.