काच, पट्टी आणि जनाबाईचं जातं

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. त्यांच्यासोबत जातं ओढणाऱ्या विठ्ठलाची तसबीर परभणी जिल्ह्यात घरोघरी दिसते. ती मढवायला निघालात, तर दुकानात कानावर पडणाऱ्या शब्दांमागच्या या गमती माहीत असू द्या.

पाच फुटांचे सहा फूट चार इंच! फ्रेमची पट्टी फुटावर विकतात. 12 बाय 18 इंचांच्या चित्राचा घेर 60 इंच, म्हणजे पाच फूट. पण चारही कोपरे 45 अंशांत तिरपे कापायचे, त्यामुळे पट्टीच्या रुंदीच्या आठपट लांबी वाढते. चित्र बसवायची खाच सोडून दोन इंच रुंद पट्टी घेतलीत की 16 इंच जास्त! दुकानदार बाहेरच्या कडेने मोजतो ते बरोबरच आहे.

माउंट म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा. तो शोभेचा वाटतो, पण खरं काम करतो काचेला चित्रापासून दूर ठेवण्याचं. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो; पावसाळी दमटपणात तो काचेला चिकटतो. असा फोटो ओढून काढू नका, थर काचेवरच राहील. आधी काचेसकट त्याचा फोटो काढून घ्या. माउंट ॲसिड-फ्रीच मागा. स्वस्त पुठ्ठ्यातलं आम्ल चित्राच्या कडेला तपकिरी रेघ पाडतं.

पाठ हार्डबोर्डची असते. ती कडेने कागदी पट्टीने बंद करून घ्याच, कारण कसर नावाच्या चंदेरी किड्याला कागद आणि खळ दोन्ही आवडतात.

साडी नेसलेलं चित्र: राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देवादिकांची रंगीत चित्रं सामान्यांच्या भिंतींवर आली. हौशी लोकांनी छापील लक्ष्मी-सरस्वतीला खऱ्या कापडाची साडी, जर, टिकल्या लावल्या. अशा सजवलेल्या तसबिरी आता संग्राहक शोधत असतात. आजीच्या ट्रंकेत सापडली तर धुऊन-पुसून चकचकीत करायला जाऊ नका!

भिंतीवर पुढे झुकलेली तसबिरींची रांग जुन्या वाड्यांत दिसते. बैठकीवरून वर पाहणाऱ्याला चित्र नीट दिसतं, काचेवरची चमकही कमी होते.

आणि परभणीच्या उन्हाचं काय? साधी काच अतिनील किरणं पुरती अडवत नाही, म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत रंगीत चित्राला देऊच नका.