‘मंडळी’ या शब्दाचे तीन अर्थ : लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

ख्रिस्ती समाजातील कर्त्या स्त्रीच्या जीवनाचा गोषवारा देताना कुटुंब, चर्च आणि समाजसेवा अशी त्रिविध मांडणी करण्याचा प्रघात आहे. भिलाईसारख्या पोलादनगरीत, जेथे १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाल्यानंतर केरळपासून ओडिशापर्यंतच्या विविध प्रांतांतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे वसली, तेथील स्त्रियांच्या आयुष्याचे कथनही याच चौकटीत बसविले जाणे स्वाभाविक आहे. ही चौकट सोयीची असली तरी ती एक गोष्ट गृहीत धरते : ही तीन क्षेत्रे परस्परांहून वेगळी असून स्त्री एकातून दुसऱ्यात क्रमाने प्रवेश करते. मराठीतील एका श्रेष्ठ आत्मचरित्राने हे गृहीतक फार पूर्वीच मोडीत काढले आहे. त्या आत्मचरित्राच्या कथावस्तूचा एक महत्त्वाचा धागा भिलाईच्याच परिसरातून जातो.

भिलाईच्या पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, नागपूर-हावडा लोहमार्गावर राजनांदगाव आहे. छत्तीसगढचा हा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता आणि मराठीभाषकांची ये-जा येथे जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजनांदगाव हे बैरागी महंतांच्या घराण्याचे संस्थान होते. कवी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथे नोकरीस होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या फ्री मेथडिस्ट मिशनऱ्याशी गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांना बायबलची प्रत दिली व ती वाचण्याचा आग्रह केला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात हा प्रवास एका आरंभबिंदूसारखा सांगितला जातो. एक पुरुष, एक ग्रंथ, एक संवाद आणि त्यातून घडलेले मतांतर, असे त्याचे रूप आहे.

याच मतांतराची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८-१९३६) ‘स्मृतिचित्रे’मध्ये येते. या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. टिळकांचे चरित्र लिहू पाहणारे पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहावयास घेतल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पतीच्या चरित्राची सामग्री म्हणून जे सुरू झाले, ते पत्नीचे आत्मचरित्र होऊन बसले. या स्थित्यंतराचे मर्म समजण्यास मराठीतील ‘मंडळी’ हा शब्द उपयोगी पडतो. घरातील माणसे म्हणजे मंडळी. जुन्या शिष्ट बोलीत पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असा होत असे. आणि मराठी बायबलात व ख्रिस्ती व्यवहारात चर्च या अर्थी हाच शब्द रूढ आहे. घर, पत्नी आणि उपासकांचा समुदाय हे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. ‘स्मृतिचित्रे’चे कथन या तिन्ही अर्थांच्या सांध्यावर उभे आहे.

लक्ष्मीबाईंचे माहेर सोवळ्याने ग्रासलेले होते. १८५७ च्या धामधुमीनंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनात विटाळाची धास्ती बसली. बाजारातून आलेल्या वस्तू धुऊन घेण्यापर्यंत हे सोवळे गेले. ग्रंथाच्या आरंभीची ही हकीकत विनोदाने सांगितली असली तरी तिचे कार्य केवळ हसविण्याचे नाही. पुढे धर्मांतराची मोजमापे कोणती असतील, हे ती आधीच ठरवून देते. टिळकांचा संघर्ष ईश्वर, पाप व तारण यांच्या परिभाषेत चालला. लक्ष्मीबाईंचा संघर्ष पाणी, चूल आणि पंगत यांच्या परिभाषेत चालतो. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या अहमदनगरास आल्या, तरी प्रथम त्यांनी स्वतःचे खाणेपिणे वेगळेच ठेवले. जातिभेद माणसाने निर्माण केला, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. ख्रिस्तावरील श्रद्धेचा स्वीकार त्यानंतरचा आहे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीच्या बाबतीत ग्रंथ आधी आला व पंगत नंतर. पत्नीच्या बाबतीत पंगत आधी बदलली.

हा क्रम तौलनिक दृष्टीने महत्त्वाचा आहे. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात शंका, वाचन, वाद आणि बाप्तिस्मा अशी धर्मांतरकथेची परिचित रचना दिसते. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली साक्ष श्रद्धेच्या शोधावर केंद्रित आहे. वैधव्यानंतर त्यांचे घर म्हणजे केडगावची मुक्ती ही संस्थाच झाली. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या ग्रंथात पतीच्या शिकवणीतून पत्नी सार्वजनिक कार्याकडे वळते. मात्र धर्म बदलत नाही आणि घराची चौकटही तीच राहते. लक्ष्मीबाईंचा मार्ग या तिघांहून निराळा आहे. त्यांनी घर सोडले नाही आणि जुन्या रूपात राखलेही नाही; घराची सीमाच हलविली. बाप्तिस्मा हा त्यांच्या कथनाचा शेवट नव्हे. त्यापुढे संसार चालतो, पैशाची ओढाताण चालते आणि पतीशी खटकेही उडतात.

समाजसेवेचा अर्थही येथे याच सीमाबदलातून उलगडतो. दुष्काळ आणि प्लेग यांच्या काळात टिळकांच्या घरी निराधार मुले येत राहिली. टिळक ज्याला त्याला घरी आणीत. त्याच्या जेवणाची, अंथरुणाची व आजारपणाची व्यवस्था लक्ष्मीबाईंकडे येई. सेवेचा निर्णय पतीचा आणि श्रम पत्नीचे, ही विषमता ग्रंथ लपवीत नाही. ती विनोदात गुंडाळून येते, म्हणून अनेकदा वाचकाच्या नजरेतून निसटते. आपल्या चुली-पाण्याला परका स्पर्श होऊ न देणारी स्त्री अनोळखी जातीच्या मुलांना आपल्या ताटाजवळ बसविते, तेव्हा कुटुंब कोठे संपते व ख्रिस्ती मंडळी कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापून पंथांच्या भिंतींपलीकडील बंधुत्वाची कल्पना मांडली. त्या कल्पनेचे दैनंदिन रूप लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात त्यापूर्वीच प्रत्ययास आले होते, असे म्हणता येते.

पतीच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्याचे साठांहून अधिक अध्याय रचले. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या स्त्रीचे हे कार्य ध्यानात घेतले, म्हणजे ‘स्मृतिचित्रे’च्या गौरवार्थ वापरले जाणारे ‘निर्व्याज’, ‘भाबडे’ हे शब्द पुन्हा तपासावे लागतात. भाषेचा साधेपणा हा विचाराचा अभाव नव्हे. तत्त्वचर्चेची परिभाषा टाळून रोजच्या वस्तूंतून धर्मविचार मांडणे, ही एक निवड आहे.

भाषांतरांच्या शीर्षकांतून हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. जोसेफिन इंकस्टर यांच्या १९५० च्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक ‘आय फॉलो आफ्टर’ असे आहे. त्यात पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा प्रतिध्वनी आहे, तसाच पतीमागून चालणाऱ्या स्त्रीचाही. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाने मूळ नाव कायम ठेवले. परंतु उपशीर्षकात ‘वाइफ’ हे पद आले, जरी त्याला ‘स्पिरिटेड’ या विशेषणाने बाणेदारपणा दिला. दोन्ही शीर्षके लक्ष्मीबाईंची ओळख नात्याच्या अंगाने करून देतात. मूळ नावात नाते नाही; तेथे केवळ स्मृती आहे, आणि स्मृती ज्याची असते तोच निवेदक असतो.

राजनांदगावच्या वाटेवरील भेटीचा इतिहास लिहिणे सोपे आहे. त्यात व्यक्ती, स्थळ आणि ग्रंथ आहेत. त्या भेटीची किंमत कोणी, किती वर्षे आणि कोणत्या श्रमांनी चुकती केली, हे ‘स्मृतिचित्रे’वाचून कळत नाही. या ग्रंथाला टिळकचरित्राची पुरवणी मानल्यास धर्मांतराचा अर्धा इतिहास हातचा जातो. भिलाईच्या असो वा अन्य कोठल्याही, ख्रिस्ती स्त्रियांच्या जीवनकथा वाचताना कुटुंब, चर्च व सेवा यांची स्वतंत्र टिपणे करण्यापूर्वी त्या घरात पाणी कोण भरीत होते आणि पंगतीला कोण बसत होते, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.