कंपनीचा मेडिक्लेम : नोंदणीच्या मुदतीत आई-वडिलांचे काय?

पुणे, प्रतिनिधी

वर्षातून एकदा कंपनीच्या एचआर विभागाकडून एक ई-मेल येतो. समूह आरोग्यविम्याचे नूतनीकरण होत आहे, अमुक तारखेपर्यंत पोर्टलवर कुटुंबीयांची नोंद पूर्ण करावी, एवढाच त्यातला मजकूर असतो. कामाच्या रगाड्यात तो बाजूला पडतो आणि मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी घाईघाईने बटण दाबून विषय संपवला जातो. हिंजवडी-खराडीपासून ऐरोली-पवईपर्यंतच्या कार्यालयांत हे चित्र नेहमीचेच आहे. मोबाईल घेण्यापूर्वी आठ दिवस चौकशी करणारी माणसे वर्षभर बांधून ठेवणाऱ्या या निर्णयाला दहा मिनिटेही देत नाहीत, याचे नवल वाटते.

ही मुदत एवढी कडक का, हा प्रश्न अनेकांना पडतो. विमा कंपनी समूहाचा हप्ता ठरवते तो सर्व सभासदांचे वय आणि मागील वर्षीचे दावे पाहून. वर्षभरात केव्हाही नाव घालण्याची मुभा दिली, तर वडिलांना छातीत दुखू लागल्यावरच त्यांचे नाव यादीत येईल आणि साऱ्या समूहाचा हिशेब कोलमडेल. म्हणून नाव घालण्याची किंवा काढण्याची संधी वर्षातून एकदाच, बहुधा दोन-तीन आठवड्यांसाठी दिली जाते. अपवाद मोजकेच. वर्षाच्या मध्ये लग्न झाले किंवा मूल झाले, तर ठरावीक दिवसांत, साधारणपणे तीस दिवसांत, कळवून नाव घालता येते. नवजात बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ आली तर एकेका दिवसाचा खर्च किती होतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या तीस दिवसांचे मोल सांगायला नको.

ई-मेलला उत्तरच दिले नाही तर काय होते? काही कंपन्यांत गेल्या वर्षीची नोंद तशीच पुढे चालते. काही ठिकाणी पती-पत्नी व मुले यांची नोंद कायम राहते, परंतु आई-वडिलांचा ऐच्छिक विमा नाकारला असे गृहीत धरले जाते. आपल्या कंपनीत यांपैकी कोणता नियम आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

खरा पेच आहे तो आई-वडिलांचाच. ज्येष्ठांचे दावे अधिक आणि मोठे असतात. त्यामुळे समूहाचा हप्ता वाढत जातो आणि कंपन्या त्यावर दरवर्षी काही ना काही उपाय शोधतात. आधी आई-वडिलांच्या बिलातील काही हिस्सा कर्मचाऱ्यावर टाकला जातो, ज्याला को-पे म्हणतात. मग त्यांची विमा रक्कम वेगळी व कमी केली जाते, आणि पुढे त्यांचा संपूर्ण हप्ता पगारातून कापण्याची व्यवस्था येते. म्हणूनच ‘गेल्या वर्षीसारखेच असेल’ या भरवशावर राहू नये. आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एकाच जोडीची नोंद करता येईल, असाही नियम अनेक ठिकाणी असतो. स्वतःची आई आणि सासरे अशी सरमिसळ सहसा चालत नाही. दोघेही नोकरी करणारे असतील, तर एकाच्या कंपनीत एक जोडी व दुसऱ्याच्या कंपनीत दुसरी, अशी विभागणी करून हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. घरात त्यावरून थोडी चर्चा झडेल, पण ती या मुदतीतच झालेली बरी.

पगारातून मोठी रक्कम कापली जाणार म्हटल्यावर ‘यंदा राहू दे, आई-बाबा ठणठणीत आहेत’ असा विचार मनात येतो. येथे थांबून विचार करायला हवा. एकदा वगळलेल्या पालकांना पुढील वर्षी परत घेता येत नाही किंवा काही काळ थांबावे लागते, अशी अट कित्येक समूह विम्यांत असते. शिवाय समूह विम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून जुने आजार ग्राह्य धरले जातात. मधुमेह, रक्तदाब किंवा पूर्वी अँजिओप्लास्टी झालेल्या साठीच्या गृहस्थांना बाजारात स्वतंत्र विमा घेताना ही सवलत सहजी मिळत नाही. तेथे जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो. विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने 2024 मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, हा त्यातल्या त्यात दिलासा.

मात्र या सवलतीची दुसरी बाजू फारशी कोणी लक्षात घेत नाही. कंपनीचा विमा नोकरीशी बांधलेला आहे. राजीनामा, कपात किंवा निवृत्ती, कारण काहीही असो, कामाच्या शेवटच्या दिवसाबरोबर बहुतेक ठिकाणी संरक्षणही संपते, आणि त्या वेळी आई-वडिलांचे वय व आजार दोन्ही वाढलेले असतात. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, परंतु नव्या पॉलिसीत घ्यायचे की नाही, हे विमा कंपनी प्रकृती पाहून ठरवते आणि अर्जही वेळेत करावा लागतो. तेव्हा कंपनीचा विमा चालू असतानाच आई-वडिलांसाठी लहानशी का होईना, स्वतंत्र पॉलिसी घेऊन ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो. प्रतीक्षेची तीन वर्षे कंपनीच्या छत्राखाली निघून जातात. अर्ज भरताना मात्र जुने आजार लपवू नयेत. पुढे याच कारणाने दावा फेटाळला जाऊ शकतो.

कराचा हिशेबही बदलला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावरील जीएसटी शून्य झाला, पण समूह विम्याला ही सूट मिळाली नाही. आई-वडिलांच्या ऐच्छिक हप्त्याची बाजारातील पॉलिसीशी तुलना करताना हा फरक धरावा. पगारातून कापलेला हा हप्ता जुन्या करप्रणालीत वजावटीस पात्र असतो. ज्येष्ठ नागरिक असलेल्या पालकांसाठी मर्यादा 50 हजार रुपये आहे. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट नाही.

पोर्टलवरील ‘टॉप-अप’ आणि ‘सुपर टॉप-अप’ या दोन नावांत एका शब्दाचा फरक दिसतो, प्रत्यक्षात तो लाखांचा ठरू शकतो. समजा, कंपनीचा विमा पाच लाखांचा आहे आणि वरचे संरक्षण पाच लाखांनंतर सुरू होते. वर्षात दोनदा रुग्णालयात जावे लागले आणि दोन्ही बिले चार-चार लाखांची झाली. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक बिल वेगळे पाहिले जाते. एकही बिल पाच लाख ओलांडत नसल्याने त्यातून काहीच मिळत नाही आणि तीन लाख खिशातून जातात. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो, म्हणून तेच तीन लाख तो देतो.

खोलीभाड्याची मर्यादा हे असेच आणखी एक दुर्लक्षित कलम. मर्यादा दिवसाला पाच हजारांची असताना दहा हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्यातील फरकच भरावा लागेल असे वाटते. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. औषधांचा खर्च सामान्यतः या कपातीतून वगळतात. औषधे सोडून भाड्यासह दोन लाखांचे बिल असेल, तर विम्याच्या हिशेबात ते एक लाखाचेच धरले जाईल, आणि आई-वडिलांसाठी वीस टक्के को-पे असेल तर हाती ऐंशी हजार पडतील. दाखल होताना ‘जरा मोठी खोली बघा’ म्हणण्यापूर्वी हे आकडे ठाऊक हवेत.

वेतन कमी असलेल्या कामगारांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते (2017 मध्ये तिची वेतनमर्यादा 21 हजार रुपये झाली) आणि तिचे नियम कंपनीच्या मेडिक्लेमपेक्षा निराळे आहेत.

राहता राहिली नावांची आणि तारखांची गोष्ट. नोंद आधार कार्डाप्रमाणेच करावी. आईचे एका कागदावर माहेरचे तर दुसऱ्यावर सासरचे नाव असणे आपल्याकडे नवे नाही. शाळेत घालताना मास्तरांनी 1 जून ही जन्मतारीख लिहून टाकली, अशा वडिलांची पिढीही अजून आहे. घरी वाढदिवस ज्या दिवशी होतो ती तारीख पोर्टलवर आणि आधारवर भलतीच, असे झाले की रात्री अकरा वाजता कॅशलेसच्या खिडकीवर अडचण उभी राहते. ई-कार्ड आल्याबरोबर ते तपासून चूक असल्यास मुदतीतच दुरुस्त करून घ्यावे आणि त्याची प्रत आई-वडिलांच्या फोनमध्येही ठेवावी. पालकांनी सत्तरी ओलांडली असेल, तर ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता देण्यात येणारे पाच लाखांचे ‘आयुष्मान’ संरक्षणही त्यांना घेता येते. खासगी विमा असला तरी त्याला हरकत नाही, मात्र उपचार योजनेशी संलग्न रुग्णालयांतच मिळतात.